घरचं शून्य

"आपला तांदूळ म्हणजे माझं शून्य आहे, बाबा," कुणाल म्हणाला, आणि केसरीनाथच्या हातातली बशी कलंडली नाही, चहा सांडला नाही, ठसकाही लागला नाही. फक्त उजव्या कानामागची एक शीर दोनदा उडाली आणि थांबली. एवढ्या किरकोळ हालचालीची दखल एरवी कुणी घेतली नसती. पण केसरीनाथ माणसांच्या अंगावर बारीक नजर ठेवणारा माणूस होता. वडप्याला हायवेलगत त्याच्या जागेवर तीन गोदामं उभी होती, देवळाच्या कमिटीत तो होता, आणि समोरचा खोटं बोलताना अंगाचा कुठला भाग हलवतो याचा त्याचा अभ्यास दांडगा होता. तलाठी नाक ओढायचा. दलाल गुडघा हलवायचा. मामेभाऊ तर खोटं बोलायच्या आधी हमखास पाणी मागायचे. आपली कानामागची शीर उडते, हे त्याला आज पंचावन्नाव्या वर्षी, स्वतःच्या स्वयंपाकघरात कळलं.

कुणाल दिवाळीला आला होता. मुंबईला विद्यापीठात तो चार वर्षं रसायनशास्त्रात पीएचडी करत होता. म्हणजे नेमकं काय, असं गावात कुणी विचारलं की केसरीनाथ "चमकणाऱ्या पट्ट्या" एवढं सांगायचा आणि ऐकणारा "बरं बरं" म्हणत, गाडीच्या नंबरप्लेटवरचं रेडियम डोळ्यांसमोर आणून निघून जायचा. आज त्या पट्ट्या पहिल्यांदा घरात आल्या होत्या. सीतानं, म्हणजे कुणालच्या आईनं, खिडक्या लावून घेतल्या. कुणालनं डब्याएवढा एक दिवा ओट्यावर ठेवून पेटवला. उजेड कसला, नुसती जांभळी सावली. त्याच्याखाली कागदाच्या तीन पट्ट्या सरकवल्याबरोबर त्या तांबड्या झाल्या. जाळ नाही, धूर नाही, नुसता रंग पेटलेला. "अगो बाय, कुंकू सांडल्यासारखा," सीता म्हणाली. कुणालनं पहिल्या पट्टीवर साध्या पाण्याचा थेंब टाकला; ती तशीच पेटलेली राहिली. दुसरीवर पाकिटातला वासाचा तांदूळ भिजवलेलं पाणी टाकलं. ती मंद होत होत राखेसारखी झाली. "एसेन्स. हल्ली सर्रास मारतात. जितका वास वरून घातलेला, तितकी पट्टी विझते. आता ही बघा माझी रड," असं म्हणून त्यानं तिसऱ्या पट्टीवर घरच्या डब्यातल्या तांदळाचं पाणी टाकलं. तीही विझली. अगदी तितकीच.

"म्हणजे काय झाला?" सीतानं विचारलं.

"म्हणजे माझी पट्टी आंधळी आहे. आपल्या तांदळाच्या अंगचा वास आणि बाटलीतला वास तिला सारखाच. दोन वर्षं मी घरचा तांदूळ नेतोय. त्याच्यात भेसळ नाही हे जगात मला एकट्याला शंभर टक्के माहीत आहे ना, म्हणून तो शून्य धरायचा आणि बाकीचे त्याच्यावर मोजायचे. तर बाजारातले सगळे शून्यच येतात. सर म्हणाले, डिसेंबरपर्यंत खरं-खोटं वेगळं करून दाखव, नाहीतर विषय सोड."

"सोड म्हंजे?"

"सोड म्हणजे घरी ये. बाबांच्या गोदामाच्या गेटवर बसतो, गाड्यांचे नंबर लिहितो." तो हसला. हसताना त्याचे खांदे हलले, पण डोळ्यांखालची काळी वर्तुळं जागच्या जागी राहिली. केसरीनाथनं ती मोजल्यासारखी पाहिली. गणपतीत एवढी नव्हती.

"आपले तांदलाला नावं नको ठेवू," सीता खिडकी उघडत म्हणाली. "आजी आयकंल."

एक वाक्य होतं. कुणाल, पट्टी डोळस आहे, तांदूळ खोटा आहे. केसरीनाथनं ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं, तोंडात मावत होतं. तो दिवसाकाठी असली पाचशे वाक्यं बोलायचा, ड्रायव्हरांशी, हमालांशी, हिंदीत, मराठीत, शिव्या घालून, समजूत काढून. पण हे वाक्य त्यानं जिभेवर घेतलं की त्याच्या शेपटीला बांधल्यासारखी कोंडी बाहेर यायला लागायची, सगळी, बांधासकट, आणि कोंडीच्या मागून ओटीवरची खाट, आणि खाटेवर बसलेली त्याची आई. तेवढं सगळं एका तोंडातून निघणार कसं? त्यानं चहा संपवला, बशी पालथी घातली आणि "बघू, होईल काहीतरी" असं म्हणाला. हे वाक्य तो गोदामाचे पत्रे गळत असल्याची तक्रार घेऊन आलेल्यांना म्हणायचा.

कोंडी म्हणजे मानकोलीला, नाक्यावरून आत खाडीच्या बाजूला असलेला दीड एकराचा एक तुकडा. तो ठकुबाईचा, त्याच्या आईचा, माहेरचा हिस्सा. आगऱ्यांत बहिणी हिस्सा घेत नाहीत. भाऊ साडी नेसवतो, बहीण हक्कसोडीच्या कागदावर अंगठा उठवते, आणि त्या अंगठ्याच्या बदल्यात तिला जन्मभर माहेरच्या दारात पाय ठेवता येतो. ठकुबाईनं साडी परत केली होती. "मना कोंडी द्या," म्हणाली होती. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. लहानपणी ती तिथं पाखरं हाकायला बसायची एवढंच केसरीनाथला ठाऊक. भावांनी कोंडी दिली आणि दार लावलं. त्यानंतर भाऊबीज नाही, बारसं नाही, भावाच्या मयतालाही ती लांब, रस्त्याच्या कडेला उभी राहून परत आली. एका माणसानं दीड एकरासाठी सबंध माहेर मोजून दिलेलं होतं, तेव्हा त्या जमिनीतून येणारा तांदूळ नुसता तांदूळ कसा असेल? तो शिजायला लागला की ती ओटीवरून म्हणायची, "आले. माजी मानसं आली." लहानपणी केसरीनाथ खरंच दाराकडे बघायचा.

सात वर्षांपूर्वी मामेभावांनी आजूबाजूचं सगळं गोदामांना दिलं. मधे कोंडी राहिली. चारी बाजूंनी भराव, मधे खड्डा. पाणी येईना, आलेलं जाईना, बैल न्यायला वाट नाही. कोंडी अर्धलीनं, निम्म्या पिकावर, करणारा चिंधू दोन पावसाळे कमरेएवढ्या चिखलात उभा राहिला आणि मग म्हणाला, "शेठ, आता मना माफी करा." पाच जणांनी पाच वेळा येऊन केसरीनाथला कोंडी विकून टाक म्हणून समजावलं. सगळ्या जमिनींचं कुलमुखत्यारपत्र आईनं त्याला आधीच दिलेलं होतं, वाचून दाखवून, समजून उमजून. म्हणजे अंगठा घेताना त्यानं तिला फसवलं नव्हतं. अंगठा घेतल्यानंतर फसवलं. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे तोपर्यंत गेले होते, आणि ही गोष्ट त्यानं स्वतःच्या बाजूची म्हणून धरली की विरुद्ध बाजूची, हे त्याचं त्यालाही नक्की सांगता आलं नसतं. विक्रीवर सही करून आल्यावर तो म्हणाला, "कोंडीचं सगलं बरा हाय, आई." त्या वेळी कानामागची शीर उडाली असेल का? असेल. पण बघणारं कुणी नव्हतं.

कणगीतला जुना तांदूळ एका वर्षात संपला. त्यानं भिवंडीच्या बाजारातून चांगल्यातला चांगला बारीक तांदूळ आणला आणि कोंडीच्या जुन्या गोणीत भरला. ठकुबाईनं एक घास घेतला, तोंडात फिरवला आणि तळहातावर काढला. "यो आपला न्हाय." दुसऱ्या दिवशी न्हाय, तिसऱ्या दिवशी न्हाय. चौथ्या दिवशी पाण्याला सुद्धा "नको" म्हणाली. चिडून नाही, पाहुण्यानं नको म्हणावं तशी. डॉक्टरनं सलाइन लावलं आणि बाहेर येऊन केसरीनाथकडे बघितलं, जणू उपाशी ठेवणारा हाच. त्या संध्याकाळी तो गाडी घेऊन मानकोलीला गेला. कोंडीवर उभ्या राहिलेल्या गोदामात एक पार्टी तांदूळ आणून, साफ करून, पाकिटं भरायची, आणि तिथला सुपरवायझर चांगदेव त्याच्या वर्गातला होता. गोदामाच्या दारातच तो वास नाकात घुसला: गोड, गरम, आईच्या पदरासारखा. केसरीनाथ उंबऱ्यावर उभाच राहिला. आपली जमीन सिमेंटखालून अजून वास सोडतेय असं त्याला एक क्षण वाटलं. मग चांगदेवनं निळा कॅन दाखवला.

"याच्यात काय असतं रं?"

"वासात काय असनार? वास असतो," चांगदेव म्हणाला. "एक झाकन, तांब्याभर पानी, आनि इस्त्रीवाल्याचा फवारा. सावलीन सुकव. मंग तुजे आजोबानं पेरलेला आनि मी फवारलेला, बिर्यानीवाल्याचा बाप पन वलकनार न्हाय. माजे नाकाला नको इचारू, ते कवाचा रजेवर हाय."

केसरीनाथनं घरी मागच्या खोलीत प्लास्टिक अंथरून, दार लावून, गुडघ्यांवर बसून स्वतःच्या हातानं फवारा मारला. हाताचा वास तीन दिवस गेला नाही. भावकीच्या बैठकीत शेजारचा माणूस त्याच्याकडे बघून उगाच म्हणाला, आज काय खीर हाय का? ठकुबाईनं पहिला घास घेतला, आणि डोळे नसलेला तिचा चेहरा हळूहळू उघडत गेला. "औंदा वास जास्ती धरलाय," ती म्हणाली. "चिंध्यानं शेनखत घातला असंल." खऱ्या कोंडीच्या तांदळाला कधी एवढा वास नव्हता. पण तिनं दोन वेळा भात मागून घेतला. मग दर वर्षी मार्गशीर्षात केसरीनाथ गोण्या आणायचा, "चिंधूनं पाठवला" म्हणायचा, दार लावायचा. सीताला ठाऊक होतं की नाही हे त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. दोन्ही बाजूंनी न बोललेल्या गोष्टींची संसारात बेरीज बरोबर जुळते. मागची खोली झाडायला ती मात्र कधी गेली नाही. आणि कुणाल दर खेपेला मुंबईला जाताना मानकोली नाक्यावरून जायचा, पण आत वळायचं त्याला कारण नव्हतं. पिशवीत घरचा तांदूळ असायचा. घरच्या तांदळावरचा त्याचा विश्वास बापानं त्याला लहानपणापासून खाऊ घातला होता.

भाऊबीज झाली तरी कुणाल परत गेला नाही. वह्या पसरून बसायचा. ओट्यावर पट्ट्यांची रांग लावायचा आणि त्या विझताना बघत राहायचा. केसरीनाथ आत-बाहेर करायचा. मुलाला नवी मोटारसायकल हवी का विचारलं. सरांना भेटून यावं का विचारलं. सरांना काय आवडतं, आंबे की कोळंबी, तेही विचारलं. कुणाल म्हणाला, "बाबा, हे तुमच्या तलाठ्यासारखं नसतं." एकदा जेवताना कुणाल एकदम म्हणाला, "माझ्यातच डोकं नाही, दुसरं काय," आणि भात कालवत राहिला, तोच भात, आणि केसरीनाथला त्या ताटातून वाफेबरोबर वर येणारा वास आपल्याच घामाचा असल्यासारखा वाटला. तेव्हाही त्यानं तोंड उघडलं. ओटीवरून आवाज आला, "केसरी, मना आनखी थोरा भात." तोंड मिटलं.

आणि मग शनिवारी कुणालनंच सुचवलं. "उभ्या पिकातल्या लोंब्या पाहिजेत. हिरव्यापासून सुरू करतो. वास दाण्यात केव्हा भरतो ते तरी कळेल. उद्या कोंडीला जाऊ या, बाबा. किती वर्षं झाली, चिंधूलाही भेटू."

"तू कनाला? मीच आनतो सकाली. चिंधू लवकर जातो," केसरीनाथ म्हणाला. शीर उडाली. कुणाल वहीत बघत होता.

आणि सकाळी रस्त्यात, पडघ्याच्या बाजूला गाडी वळवताना, केसरीनाथला कित्येक दिवसांत पहिल्यांदा मोकळं वाटलं. सुटली की गाठ! ओळखीच्या माणसाच्या शेतातून लोंब्या घ्यायच्या, कोंडीच्या म्हणून द्यायच्या. मुलाला खरं शून्य मिळेल, आईचा डबा तसाच राहील, एकाच खोट्यात दोघांचंही भागेल. जमिनींच्या वाटाघाटीत दोन्ही पार्ट्यांना एकाच तुकड्याचा रस्ता दाखवणारा माणूस तो. हे तर काहीच नव्हतं. उशिराचं भात अजून उभं होतं. त्यानं ओंजळभर लोंब्या कापून घेतल्या आणि शेतातलाच थोडा झोडलेला भातही मागून घेतला. एवढा हुशार माणूस, पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही: शून्य खरं झालं की घरातली प्रत्येक वस्तू त्याच्यावर पुन्हा मोजली जाते.

दुपारी बाराच्या सुमाराला स्वयंपाकघरातून कुणालची आरोळी आली. केसरीनाथ आत गेला तेव्हा खिडक्या बंद होत्या आणि जांभळ्या सावलीत लोंब्यांची पट्टी धगधगत होती. तांबडी, पूर्ण. शेजारी डब्यातल्या तांदळाची पट्टी राख. "पेटलीय, बाबा! माझी पट्टी आंधळी नाही! कोंडीच्या तांदळाला विझत नाही ती!" त्यानं बापाला मिठी मारली, चार-पाच वर्षांत मारली नव्हती. केसरीनाथचे हात पोराच्या पाठीवर गेले आणि तिथंच थांबले, कारण पाठीचा ताण एकाएकी बदललेला त्याला हातांना कळला. कुणाल बाजूला झाला. "म्हणजे डब्यातला तांदूळ कोंडीचा नाही," तो हळू म्हणाला. "चिंधू आपला तांदूळ विकतो आणि तुम्हाला एसेन्स मारलेला बाजारातला देतो. बाबा, तुम्ही! तुम्ही सगळ्या जगाला ओळखता, आणि चिंधूनं तुम्हाला..." आणि केसरीनाथ काही बोलायच्या आत तो ओटीवर गेला होता, लहानपणी शाळेतला निकाल घेऊन जायचा तसा. "आजी, चिंधू तुला इतकी वर्षं खोटा तांदूळ खायला घालतोय. मी पकडला."

ठकुबाईनं उशाशी ठेवलेल्या पितळीतला सकाळचा उरलेला भात चाचपून बाजूला सरकवला, जसं एखादं परकं मूल मांडीवरून उतरवावं. "बोलली हुती मी, वास जास्ती हाय," एवढंच म्हणाली. "मंग आज कोंडीचा हानलाय, तो शिजवा."

केसरीनाथनं आणलेला भात सीतानं उखळात कांडला, पाखडला, शिजवला. तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि त्या पाहण्यात तिला ठाऊक होतं की नाही हा प्रश्न कायमचा मिटला. ताट घेऊन केसरीनाथ खाटेशी बसला. आईला कधी स्वतःच्या हातानं भरवल्याचं त्याला आठवत नव्हतं. आज त्यानंच घास केला. खरा तांदूळ, या वर्षीचा, जमिनीतून आलेला, फवारा न पाहिलेला. ठकुबाईनं घास तोंडात फिरवला. चेहरा बंद झाला. तिनं तळहात पुढे केला आणि घास त्यावर काढला.

"यो पन आपला न्हाय."

अंगणात कुणाल मोटारसायकल पुसत होता. "चिंधूला आत्ताच जाऊन विचारतो," तो म्हणाला. चिंधू आता कोंडीवरच्याच गोदामाच्या गेटवर वॉचमन होता, निळ्या शर्टात. केसरीनाथनं मुलाला थांबवलं नाही. किक बसली, आवाज हायवेच्या आवाजात मिसळून गेला. कुणालला सगळं कळायला आता तासाभराचा हिशेब उरला होता, आणि तेवढ्यात त्याला एकदम कळलं की आपण बोलणार आहोत. इतकी वर्षं न मावलेलं सगळं तोंडात आलं.

"आई, कोंडी न्हाय. मीच इकली. चार वर्सं झाली. तिथं गोदाम हाय. चिंध्याचा काय सुदा कसूर न्हाय. तांदलाला वास मी मारतो, माजे हातानं, मागचे खोलीन."

सीता दारात उभी होती. ठकुबाईची मान किंचित कलली, ऐकल्यासारखी. मग तिचा हात हवेत शोधत आला, त्याच्या मनगटावर पडला, आणि तिनं ते दोनदा थोपटलं.

"चिंध्याला वाचवतंस?" ती म्हणाली. तोंडात हसू होतं. "तुजा बापूस पन असाच हुता. गड्यानं काय नासवला का सोताचे अंगावर घ्याचा. मऊ मानूस."

"आई, खरा सांगतो. देवाची आन."

"देवाला कनाला मदी हानतंस गरिबासाटी? कोंडी तू इकशील? माजी कोंडी?" तिनं मान हलवली, जणू तो चार वर्षांचा होता आणि चंद्र खिशात असल्याचं सांगत होता. "जा. चिंध्याला सांग, ठकुबाय रागावली न्हाय. पोराबालांचा धनी हाय, झाला असंल. फकस्त माजा तांदूल दे म्हनावा. तो येवंपर्यंत मी थांबते. मना भूक न्हाय." आणि ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, पाहुण्यासारखी नको म्हणत, शांत.

निळा कॅन मागच्या खोलीत होता. त्यातलं आता ती खाणार नव्हती. पडघ्याचं खाणार नव्हती. जगात कुठल्याही बांधावर असा दाणा उभा नव्हता, की जो आणून द्यावा आणि तिनं गिळावा. आणि आणायला काही उरलंच नाही हे सांगूनही झालं होतं. ताटातला भात निवत चालला होता. केसरीनाथनं त्यातला घास केला, आईच्या पाठीकडे बघत तसाच धरला, मग ताटात ठेवला, मग पुन्हा उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला. भात चांगला शिजला होता. त्याला कसलाही वास नव्हता.